सरमा कोठे आहे?

महाभारताच्या आदिपर्वात, कुरुकुलाची मुख्य कथा सुरू होण्याच्या कितीतरी आधी, एका कुत्रीची फिर्याद नोंदलेली आहे. राजा जनमेजय आपल्या तिघा भावांसह कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करीत बसला असता तेथे एक कुत्र्याचे पोर आले. भावांनी त्याला बदडून हाकलले. ते रडत रडत आईकडे गेले. त्याची आई म्हणजे देवशुनी सरमा. तुझाच काही अपराध झाला असेल, म्हणून तिने आधी पोराचीच उलटतपासणी घेतली. त्याने हविर्द्रव्याला जीभ लावणे तर राहोच, तिकडे पाहिलेदेखील नव्हते, अशी खात्री पटताच ती थेट यज्ञमंडपात गेली आणि माझ्या निरपराध पोराला का मारलेत, असे तिने राजाला व त्याच्या भावांना भर सत्रात विचारले. कोणापाशीही उत्तर नव्हते. तेव्हा, ज्याची तुला चाहूलही लागणार नाही असे भय तुझ्यावर येईल, असा शाप देऊन ती चालती झाली. राजा असा हादरला की, शापाच्या निवारणासाठी पुरोहित धुंडाळीत हिंडू लागला.

हे आख्यान आज पहिल्या पानावर काढण्याचे कारण आमच्या वाचकांच्या खिशातच आहे. सकाळी चहाबरोबर मोबाइल हाती घ्यावा आणि समाजमाध्यमांच्या किंवा फुकट जाहिरातींच्या एखाद्या दालनात शिरावे, की कुत्र्याच्या पिल्लांचा बाजार डोळ्यांपुढे उघडतो. गुलाबी दुलईवर बसविलेले, गळ्यात रेशमी फीत बांधलेले लॅब्राडोरचे पिल्लू. चहाच्या पेल्यात उभे केलेले पॉमेरेनियनचे बोटभर पोर. चित्रफीत असेल तर तेच पोर अडखळत कॅमेऱ्याकडे धावत येते आणि मागे एखादे चालू सिनेमातले गाणे वाजत असते. खाली मजकूर असा: ‘हेवी बोन’, ‘शो क्वालिटी’, ‘चॅम्पियन ब्लडलाइन’, ‘वय ३२ दिवस’, ‘घरपोच मिळेल’, ‘भाव इनबॉक्समध्ये विचारावा’. घरातली मुले ते चित्र पाहतात, हट्ट धरतात, आणि रविवार उजाडण्यापूर्वी इसाराची रक्कम एका अनोळखी माणसाच्या खात्यात जमा झालेली असते.

अशी शंभर चित्रे पाहावीत. पिल्लू कोणत्या जातीचे, कोणत्या रंगाचे, कान पडलेले की उभे, हे सर्व त्यांत दिसेल. त्या पिल्लाची आई मात्र शंभरांतून क्वचित एखाद्या चित्रात सापडेल. सरमा त्या चौकटीत नाही. ती कोठे आहे, हा प्रश्न आज आम्हाला विचारावयाचा आहे.

ही अनुपस्थिती योगायोगाची आहे, असे आम्ही मानीत नाही. आईला चौकटीत आणले की तिच्याबरोबर पुष्कळ गोष्टी आपोआप चौकटीत येतात. तिचे वय येते. तिच्या बरगड्या येतात. लोंबणारे सड, खरूज लागलेली पाठ, सिमेंटच्या ओल्या जमिनीवर बसून कोपरांना पडलेले घट्टे येतात. ती ज्या जागेत राहते ती जागा येते. पिल्लाला आंघोळ घालून, पुसून, दुलईवर मांडून दहा मिनिटांत देखणे करता येते. वर्षानुवर्षे वेतामागून वेत काढलेल्या कुत्रीला असे देखणे करता येत नाही. तिच्या अंगावरच तिच्या मालकाची हिशेबवही लिहिलेली असते.

आमच्या देशात याविषयी नियम नाहीत असे नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडले, पंडित नेहरूंनी सरकारच तसा कायदा करील असे आश्वासन दिले, आणि त्यातून तो जन्मास आला. त्याच अधिनियमाखाली केंद्र सरकारने २०१७ च्या मे महिन्यात श्वान-पैदास व विक्रीचे नियम जारी केले. ते नियम वाचून पाहावेत; वाईट मुळीच नाहीत. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. अठरा महिन्यांची होईपर्यंत कुत्रीची वीण घ्यावयाची नाही, आठ वर्षांच्या पुढे घ्यावयाची नाही, आणि उभ्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते घ्यावयाची नाहीत. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकावयाचे नाही. विकण्यापूर्वी त्याला लस टोचली पाहिजे व ओळखीची सूक्ष्म चकती त्याच्या कातडीखाली बसविली पाहिजे.

आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. आता वरची जाहिरात पुन्हा वाचावी: ‘वय ३२ दिवस, घरपोच मिळेल.’ चोराने आपल्या हाताने पंचनामा लिहून त्याखाली सही करावी आणि तो चावडीवर चिकटवावा, तसा हा प्रकार आहे! गुन्हा शोधण्यासाठी येथे हेर नको आणि छापाही नको; वाचता येणारा एक कारकून पुरे. तरीही हे कबुलीजबाब महिनोन्महिने जेथल्या तेथे झळकत राहतात. याचे एक कारण असे की, १९६० च्या अधिनियमाने क्रूरतेच्या पहिल्या अपराधासाठी दंड ठरविला तो दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. त्या काळी त्या रकमेला काही वजन होते. आज एका पिल्लाच्या गळ्यातली फीतदेखील त्याहून महाग पडते. शिक्षा वाढविणारा मसुदा केंद्राने २०२२ च्या नोव्हेंबरात लोकांपुढे ठेवला होता, याची आमच्या खासदारांना आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही.

छप्पन्न दिवसांचा हा आकडा कोणा हळव्या माणसाने बसून कल्पिलेला नाही. स्कॉट आणि फुलर या दोघा संशोधकांनी अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथे कुत्र्यांच्या वाढीचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९६५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याचा जन्माचा स्वभाव घडविणारा असतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्या काळाचा पहिला अर्धा भाग आईचा व भावंडांचा असतो. किती जोराने चावले म्हणजे समोरचा कळवळतो, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करतानाच शिकते, आणि फार झाले म्हणजे आई त्याला गुरकावते. ही शाळा अर्ध्यावर सोडून बत्तिसाव्या दिवशी घरी आणलेले पिल्लू पुढे घाबरट किंवा चावरे निघाले, तर दोष कोणाचा? परंतु भोगावे लागते ते त्यालाच. वर्षभरात ‘हा फार चावतो’ म्हणून एखाद्या रात्री त्याला मोटारीत घालून शहराबाहेर सोडून येणारे सभ्य गृहस्थ आमच्या याच शहरात राहतात.

येथे आम्हाला आमचीही झडती दिली पाहिजे. वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘अल्सेशियनची पिल्ले विकणे आहेत’ असे छापून आम्हीही पैसे घेतलेले आहेत. मग त्या तीन ओळींत आणि आजच्या चित्रफितीत फरक काय? फरक असा की, त्या तीन ओळींत पाहण्यासारखे काहीच नव्हते. नाव, पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक, संपले. पिल्लू हवे असणाऱ्याला बस किंवा गाडी पकडून त्या पत्त्यावर जावेच लागे. दार उघडताच आधी आईच भुंकत अंगावर येई. घराचा वास नाकात शिरे. कोपऱ्यातले पोते दिसे, पाण्याचे भांडे दिसे, पाच पिल्लांतले एक मलूल पडलेले दिसे. परत फिरावे की पैसे मोजावेत, हे माणूस तेथे उभा राहून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठरवी. चित्राने ही फेरी वाचविली. वाटले की, केवढी सोय झाली! वाचला तो खरेदीदाराचा वेळ, पण त्याहून अधिक काही वाचले ते विक्रेत्याचे. त्याला आता दार उघडावे लागत नाही.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातील पिंजऱ्यांविषयी आम्ही वर्षानुवर्षे हळहळत आलो. परंतु त्या पिंजऱ्यांना निदान दोन बाजू होत्या. येणाराजाणारा थबके, नाक मुरडी, एखादा तक्रार करी, एखादा छायाचित्र काढून वृत्तपत्राकडे पाठवी. आता पिंजरा उपनगरातल्या एखाद्या गाळ्यात किंवा गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला आहे, आणि लोकांपुढे आहे ती दुलई.

पशुवैद्यांना विचारावे, चित्राचा फोलपणा ते अधिक चांगला सांगतील. पार्व्हो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला व तेव्हापासून पिल्लांचा तो काळ होऊन बसला आहे. अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत त्याला साधारणपणे तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे रविवारी चित्रफितीत बागडणारे पिल्लू त्याच क्षणी आपल्या पोटात मरण घेऊन बागडत असू शकते; बुधवारी ते घरी यावे, शुक्रवारी त्याला वांत्या व रक्ताची हगवण लागावी. उपचार न मिळाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात, आणि तो विषाणू घराच्या फरशीवर व अंगणाच्या मातीत कित्येक महिने तग धरून पुढच्या पिल्लाची वाट पाहत राहतो. जगात कोणताही कॅमेरा हे टिपू शकत नाही. आणि ते गाणे? ते नुसते गोडीसाठी असते असे समजण्याचे कारण नाही. त्या गाण्याखाली खोकला बुडतो, आणि मागच्या पिंजऱ्यांतले भुंकणेही बुडते.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, कधी कधी रोग चित्रात स्पष्ट दिसतो आणि त्याचेच मोल येते! २००३ साली हच या मोबाइल कंपनीने एका लहान मुलाच्या मागे मागे जाणारा पग दूरदर्शनच्या पडद्यावर आणला. जाहिरात सुरेख होती यात शंका नाही. तिने देशभर पगचे वेड लावले. त्या जातीचे नाक माणसाच्या हौसेने पिढ्यान्पिढ्या इतके चपटे करण्यात आले आहे की, पुष्कळ पगांना धड श्वास घेता येत नाही. कुत्रा घामाने नव्हे, तर धापा टाकून अंग थंड करतो. ज्याची श्वासाची वाटच अरुंद, त्याने विदर्भाच्या मे महिन्यात काय करावे? असा पग बसल्या बसल्या घोरत असल्याच्या चित्रफिती आज विक्रीसाठी फिरतात आणि लोक हसून त्यांना पसंतीचे अंगठे देतात. ते घोरणे म्हणजे गुदमरणे आहे. पेल्यात उभ्या केलेल्या पॉमेरेनियनचीही गोष्ट निराळी नाही. ते पेल्यात मावते ते बहुधा वीस-पंचवीस दिवसांचे असते म्हणून, नाहीतर अतिशय खुरटलेले असते म्हणून.

आता काही लोक असे आहेत की, त्यांच्यापाशी पिल्लूच नसते. फक्त चित्र असते. कोणाच्या तरी घरचे छायाचित्र उचलावयाचे, इसार घ्यावयाचा, मग विमानाच्या भाड्यासाठी, मग पिंजऱ्यासाठी, मग विम्यासाठी थोडे थोडे पैसे मागावयाचे आणि शेवटी फोन बंद करावयाचा. हा धंदा जागतिक आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२० च्या डिसेंबरात कॅमेरूनच्या एका नागरिकावर असाच खटला भरला. डॅक्सहुंडची पिल्ले दाखवून घेतलेल्या पैशांवर करोनाचे निमित्त सांगून आणखी पैसे उकळल्याचा तो आरोप होता. यात बुडालेल्यांविषयी आम्हाला सहानुभूती आहे. पण खरे सांगावयाचे तर थोडी कमी आहे. त्यांचे पैसे गेले. जेथे पिल्लू खरोखर असते, तेथे पैसे घेणाऱ्याच्या मागे एक जिवंत आई पुढच्या वेतासाठी बांधून ठेवलेली असते.

इंग्लंडने या प्रश्नाला नेमक्या याच ठिकाणी हात घातला. वेल्समधील एका पैदास-केंद्रातून २०१३ मध्ये ल्यूसी नावाची एक कॅव्हेलियर स्पॅनियल कुत्री सोडविण्यात आली. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात कोंबून वीण घेतल्यामुळे तिचे खुबे आखडले होते. ती २०१६ मध्ये वारली, आणि तिच्या नावाने चळवळ उभी राहिली. १ ऑक्टोबर २०१८ पासून तेथे असा नियम झाला की, परवानाधारक पैदासकाराने पिल्लू गिऱ्हाइकाला दाखवावे ते त्याच्या जन्मदात्या आईसह दाखवावे, आणि व्यवहार त्याच जागी, समक्ष पुरा करावा. परवानाधारकाच्या जाहिरातीत परवान्याचा क्रमांक, परवाना देणाऱ्या संस्थेचे नाव, प्राण्याचे वय, त्याचा मूळ देश आणि त्याच प्राण्याचे ओळखता येईल असे छायाचित्र पाहिजे. ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांच्या आतील पिल्लांची दलालामार्फत विक्रीच बंद झाली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २०१९ च्या जुलैपासून जाहिरातीत नोंदणीचा क्रमांक छापावा लागतो. इंग्लंडात लबाडी संपली असे आम्ही म्हणत नाही. कायदा आला त्याच महिन्यांत टाळेबंदी होती, घरोघर पिल्लांना मागणी आली, आणि साथीमुळे आई दाखविता येत नाही ही सबब विक्रेत्यांना आयतीच मिळाली. परंतु सबब सांगावी लागली, हेही थोडे नव्हे. आमच्याकडे आई कोठे आहे असे कोणी विचारीतच नाही; मग सबब कोण सांगतो?

आमच्यावर आक्षेप घेतला जाईल की, चित्रांवर राग धरून काय उपयोग? तो आक्षेप रास्त आहे आणि म्हणून आम्ही चित्रांवर बंदी मागत नाही. याच शहरात पावसाळी रात्री गटारातून भिजलेली पिल्ले उचलून, त्यांना लस टोचून, त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकून त्यांना घर शोधून देणारी तरुण मुले-मुली आहेत. चित्र नसते तर त्या गावठी पिल्लांकडे कोणी ढुंकून पाहिले नसते. नियमाने नोंदणी करून, मोजकी वेते घेऊन, गिऱ्हाइकाला घरी बोलावून दहा प्रश्न विचारणारे प्रामाणिक पैदासकारही आहेत. आईला चौकटीत आणा म्हटल्याने त्यांचे काहीच बिघडत नाही. उलट दुलईवाल्यांच्या स्वस्त मालाने त्यांचेच कंबरडे मोडले आहे. कोणी म्हणेल, लबाड माणूस दुसरीच एखादी कुत्री शेजारी बसवील. बसवीलही. पण पाजत्या कुत्रीचे सोंग आणणे सोपे नाही. तिच्या सडांवरून ते कळते, आणि पिल्ले तिच्याकडे कशी झेपावतात यावरून तर लहान मुलालाही कळते.

आता त्या समाजमाध्यमांकडे वळू. आम्ही केवळ भिंत आहोत, तीवर कोण काय चिकटवितो यास आम्ही जबाबदार नाही, अशी त्यांची भूमिका असते, व माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ ने तिला आधारही दिला आहे. फेसबुकच्या विक्रीविषयक नियमांत प्राण्यांच्या विक्रीला मनाई आहे. म्हणून तर ‘भाव इनबॉक्समध्ये’ असे लिहितात, किंवा विक्रीला ‘दत्तक’ आणि किमतीला ‘दत्तक शुल्क’ असे सोवळे नाव देतात. परंतु हे कवच अभेद्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सांगितले की, न्यायालयाचा हुकूम किंवा सरकारची सूचना आल्यावर त्या भिंतीला बेकायदा मजकूर काढावाच लागतो. म्हणजे चेंडू सरकारच्या अंगणात आहे. छप्पन्न दिवसांच्या आतले वय छापलेल्या आणि नोंदणी क्रमांक नसलेल्या जाहिराती उतरवा, असे पत्र लिहावयास नवा कायदा लागत नाही, समिती लागत नाही, अभ्यासदौरा तर मुळीच लागत नाही.

राज्य सरकारकडे आमचे मागणे एवढेच आहे. नोंदणी झालेल्या पैदासकारांची यादी कोणाही नागरिकाला घरबसल्या चाळता यावी. पिल्लाच्या प्रत्येक जाहिरातीत तो क्रमांक आणि आईसह असलेले छायाचित्र सक्तीचे करावे. आणि पशुसंवर्धन खात्यातील एखाद्या माणसाने आठवड्यातून एक दुपार या जाहिराती वाचण्यात घालवावी.

वाचकांनी मात्र सरकारची वाट पाहत बसू नये. विक्रेत्याला फोन करावा आणि पिल्लाविषयी काहीही न विचारता, आई पाहावयास केव्हा येऊ, एवढेच विचारावे. ‘आई गावी आहे’, ‘आई आजारी आहे’, ‘पार्किंगमध्ये या, पिल्लू खाली आणून देतो’, असे उत्तर आले तर फोन ठेवून द्यावा. मुले रडतील. त्यांना सरमेची गोष्ट सांगावी.

आमच्या स्वतःच्या जाहिरात विभागास आम्ही लेखी सूचना दिली आहे: येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून, नोंदणी क्रमांक आणि आई पाहता येईल असा पत्ता दिल्यावाचून पिल्लांच्या विक्रीची एकही ओळ या पत्रात छापली जाणार नाही. ज्यांनी पुढील तारखांसाठी पैसे भरले आहेत व ज्यांना ही अट मान्य नसेल, त्यांनी पावती दाखवून कचेरीतून आपले पैसे परत न्यावेत.